अक्का या शब्दाची सोयरीक

कुणाला पानाची खोड असते, कुणाला टीव्हीची. राजेश्वरीला शब्दांची होती. साताऱ्याच्या एका कॉलेजात ती मराठी शिकवायची, आणि घरी आली तरी तिच्या डोक्यातली शाळा सुटायची नाही. पपई चिरता चिरता ती सासूला विचारायची, "आत्या, पपई हा शब्द कुठनं आला, माहिताय?"

"मंडईतनं आला," धोंडुबाई म्हणायच्या. "चीर आन् खा गप."

सासूला आत्या म्हणायची आपल्याकडची रीत, म्हणून ती आत्या म्हणायची. पण धोंडुबाई म्हणजे काय साधं प्रकरण नव्हतं. सासरा गेल्यावर ऊसशेती एकटीनं सांभाळलेली बाई. मुलगा जयराज लडाखला सीमेवर, आणि घरात या दोघीच. सुनेवर जीव होता, पण रीत म्हणजे रीत. आणि सध्या त्या रीतीपायीच राजेश्वरीचा जीव टांगणीला लागला होता.

तिला सातवा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी. पण हिला माहेर होतंच कुठं? ही दहा वर्षांची असताना आई, बनुबाई, गेली. वडील लालासाहेब फौजेत होते, तेही दोन वर्षांमागं गेले. पलूसकडचं घर भावकीत विरघळलं. राहिली सांगलीची एकच बाई, चंदनबाला. लालासाहेबांनी बायकोलेकीसाठी तिच्याच घरात खोली भाड्यानं घेतली होती. बनुबाई गेल्यावर रजा संपत आलेला तो फौजी माणूस पोरीचा हात धरून दारात नुसता उभा राहिला. तेव्हा चंदनबालाच म्हणाली होती, "राहू दे की इथंच. तुम्ही जावा." झालं! पोर तिथं राहिली ती लग्न होईपर्यंत. चंदनबालाला सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून हीही अक्का म्हणायला लागली.

"मला बाळंतपणाला अक्काकडं जायचंय," असं राजेश्वरीनं सांगितलं तेव्हा धोंडुबाईंनी चष्मा काढून तिच्याकडं पाहिलं.

"कुठल्या नात्यानं? त्ये हळदीचे व्यापारी, जैन. आपून मराठं. तुझ्या आईची बहीण न्हाई, बापाची बहीण न्हाई. लोक इचारतील, सून कुणाकडं धाडली? काय सांगू? घरमालकिणीकडं?"

"अक्काकडं, असं सांगा."

"अक्का हे काय नातं झालं व्हय गं?"

आता हा प्रश्न विचारायला नको होता! राजेश्वरीनं त्या शब्दाचा माग आधीच काढून ठेवला होता. तिनं बोटांवर मोजत सांगितलं, कानडीत अक्का म्हणजे थोरली बहीण. अक्काची आई अथणीची, तिथनंच तो शब्द तिच्या घरात आला. तमिळमध्ये अक्का, तेलुगूतही अक्का, बहीणच. संस्कृतात मात्र अक्का म्हणजे आई. तिकडं फिनलंडमध्ये अक्का म्हणजे म्हातारी, तेही जरा खडूस म्हातारी. आणि त्याच्याही वर, बर्फात रेनडिअर पाळणारे सामी लोक आहेत, त्यांच्यात साराक्का नावाची देवी. ती अडलेल्या बाईला सोडवते. जुन्या काळी बाई बाळंत झाली की तिच्या नावानं लापशी शिजवून खायचे.

धोंडुबाईंना ही बर्फातली देवी जरा पटल्यासारखी वाटली. "म्हंजे सगळं एकच?"

इथं राजेश्वरीची पंचाईत झाली. ती खोटं बोलणारी मास्तरीण नव्हती. "नाही आत्या. कानडी, तमिळ नि तेलुगू या सख्ख्या बहिणी. बाकीच्यांची त्यांच्याशी सोयरीक काय लागत नाही. तान्ह्या पोराच्या तोंडाला सोपे असतात असले शब्द, म्हणून जो तो आपापल्या मुलखात उगवतो."

"मग झालं तर!" धोंडुबाई म्हणाल्या. "सोयरीक लागत न्हाई, हेच म्या म्हणतीय." पण त्या काही दगड नव्हत्या. रात्रभर विचार करून सकाळी म्हणाल्या, "येऊ दे त्यांना. माहेरच्या माणसासारखी ओटी भरून, मानानं न्यायला आल्या तर बघू."

अक्का रविवारी येणार ठरली. धोंडुबाई पहाटेपासून चुलीशी. जैन बाई येणार म्हणून मटणाचा विषयच नको, हे त्यांचं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पुरणपोळी, बटाट्याची भाजी, कांदाभजी, आणि घरच्या कांदालसूण चटणीची झणझणीत कटाची आमटी. कटाची आमटी म्हणजे त्यांचा हातखंडा. राजेश्वरी पाय सुजून आतल्या खोलीत पडलेली. स्वयंपाकघरात डोकावायचं तिला सुचलं नाही, आणि तीच गफलत झाली.

अक्काची एसटी कराडच्या अलीकडं बंद पडली. दुपारी यायची बाई दिवस कलल्यावर पोचली. घामाघूम, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात उराशी धरलेला नारळ. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. आल्या आल्या तिनं राजेश्वरीच्या तोंडावरनं हात फिरवला आणि बोटं कडाकडा मोडली. "किती वाळलीस की गं!" सात महिन्यांच्या गरोदर बाईला वाळलीस म्हणणारी जगात तेवढी एकच बाई असावी.

धोंडुबाईंनी पाट मांडला, पान वाढलं. राजेश्वरी भिंतीला धरून बाहेर आली, पानाकडं पाहिलं आणि तिथंच थबकली. कांदा, बटाटा, लसूण. यातलं काहीच अक्का शिवत नाही. पुरणपोळी तेवढी चालली असती, पण तिच्यावर आमटी ओघळलेली. आणि अक्काचं जेवण सूर्य असेतोवर, त्यानंतर पाणीसुद्धा नाही.

अक्कानं सरळ सांगून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं? पण भिडस्त बाई! यजमानीण दिवसभर राबलीय, तिला कशाला परत चुलीशी बसवा, म्हणून हसून म्हणाली, "राहू द्या हो. भूकच नाही मला."

"सकाळधरनं निघालाय आन् भूक न्हाई?"

"खरंच नाही."

धोंडुबाईंचा चेहरा उतरला, मग ताठला. त्या पान उचलून आत गेल्या. राजेश्वरी मागोमाग गेली तर त्या भांड्यांशी बोलत होत्या. "जिला माझ्या घरचा घास चालत न्हाई, तिच्या घरी सून कशी धाडू? सांग की! सोवळ्याच्या घरी माझं नातवंड जन्माला घालू?"

"आत्या, तसं नाही..."

"मग कसं हाय?"

राजेश्वरीला रडूच फुटलं. बाहेर यवतेश्वराच्या डोंगराआड सूर्य सरकत होता, आणि तिचं माहेर त्याच्याबरोबर चाललं होतं. तेवढ्यात ओटीचं सामान काढायला अक्का पिशवी घेऊन आत आली. हिरवी साडी, खण, हळकुंडं, तासगावचे बेदाणे. आणि सगळ्यांत तळाशी, प्लास्टिकच्या चार पिशव्यांत गुंडाळून दोऱ्यानं आवळलेली एक बरणी. अक्कानं ती लांब हात करून, तोंड दुसरीकडं वळवून ओट्यावर ठेवली.

"हे काय?" धोंडुबाईंनी गाठ सोडली. वास भपकन घरभर पसरला. कांदालसूण चटणी!

"तुमी खाता व्हय ह्ये?"

"छे हो! जन्मात नाही," अक्का पदर नाकाला लावून म्हणाली. "ती खाते की. शेजारच्या चंद्राबाईकडनं कुटून घेतली. डोहाळे लागले असतील तर चंद्राबाईच्याच हातची मागणार ही, ठाऊक आहे मला."

राजेश्वरीचं रडणं थांबलं. मग ती बोलली. इतकी वर्षं तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. "आई गेल्यावर मी जेवतच नव्हते, आत्या. मला आईच्या हातची चटणी-भाकरी पायजे होती. अक्काच्या घरात लसूण कधी आलेला नव्हता. तिनं बाहेर व्हरांड्यातल्या कोनाड्यात बरणी ठेवली, चंद्राबाईकडनं भरून आणली. रोज सकाळी नाकाला पदर बांधून माझ्या भाकरीला चटणी लावायची, मग अंघोळ करायची, मग देवाला जायची. आत्ता तुमच्या पानात कांदालसूण नि बटाटा आहे म्हणून ती जेवली नाही. तुमचं म्हणून नाही. आणि सूर्य मावळला की ती जेवतच नाही."

धोंडुबाईंनी बरणी हातात घेतली. एकदा बरणीकडं पाहिलं, एकदा अक्काकडं.

"आवं, मग सांगायचं न्हाई व्हय!" त्या एकदम ओरडल्या. राग होता, पण तो आता स्वतःवरचा होता. पदर खोचला, शेगडी घासली, कपाटातलं नवं कोरं पातेलं काढलं, पाणी फडक्यानं गाळून घेतलं. ज्वारीचं पीठ मळता मळता खिडकीतनं मान बाहेर. भाकरी फुगली. तूप, गूळ आणि दूध ताटात आलं. तोवर अंगण सावलीत बुडालं होतं.

"राहू द्या की," अक्का हळूच म्हणाली. "मावळला हो."

"मावळतोय कसला!" धोंडुबाईंनी ताट उचललं, अक्काचा दंड धरला आणि तिला अंगणात नेलं. वर बोट दाखवलं. अजिंक्यताऱ्याच्या तटावर अजून लख्ख ऊन होतं. "डोंगराआड गेला म्हंजे बुडाला न्हाई. हितं साताऱ्यात सूर्य आदी आमच्यापास्नं लपतो, मग मावळतो. बसा, अक्का. खावा पटापटा."

धोंडुबाई तिला अक्का म्हणाल्या! राजेश्वरीनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. कानडी, तमिळ, संस्कृत, बर्फातली ती देवी, सगळ्यांची सोयरीक लावता लावता ती थकली होती, आणि इथं अंगणात भाकरीच्या ताटापाशी सोयरीक आपसूक लागली. तिनं मनातल्या मनात दोघींनाही हात जोडले.

अक्का घाईघाईनं जेवली. भुकेल्या माणसासारखी, मान खाली घालून, दोन भाकऱ्या. धोंडुबाई शेजारी बसून एक डोळा ताटावर, एक डोळा किल्ल्यावर ठेवून होत्या. शेवटचा घास दुधाबरोबर गेला, पाणी पिऊन झालं, आणि मग तटावरचं ऊन गेलं.

अंगणातच पाट मांडून अक्कानं राजेश्वरीची ओटी भरली. धोंडुबाईंनी डोळे पुसले आणि तोंडानं फटकळपणा केला, "जावा घेऊन आता. पण बारशाला मी चार दिस आदी येणार. लसणाशिवाय मला घास उतरत न्हाई, तवा चार दिस उपाशी काढीन, काय?"

"उपाशी कशाला?" अक्का म्हणाली. "चटणी घेऊन या की. व्हरांड्यातला कोनाडा अजून तसाच ठेवलाय मी."