बरोबर हाये का रे

प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा बारीक सोनेरी त्रिकोण चुकीच्या बाजूला आला होता — राजदीपला टेबलापलीकडूनही ते दिसत होतं, आणि दादाला, रत्नपालला, दिसत नव्हतं. किंवा दिसत असेल. लकव्यानंतर त्याचा एक डोळा ओघळलाय, तो कुठं पाहतोय ते कळत नाही... बाकी सगळं त्यानं सवयीनं नीट केलं होतं. अंगातली वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला, सॉकेटची दांडी उभी केली. फक्त चिप उलटी. आता अंगठ्यानं जरा दाबलं की खालच्या केसासारख्या पिना वाकणार, आणि नवा प्रोसेसर गेला.

सांगायला हवं होतं. एकच शब्द — फिरव.

पण बाकड्यावर गिऱ्हाईक बसलं होतं, राईस मिलचे नंदलालजी, आणि आल्याआल्याच ते म्हणाले होते, "मशीन में हाथ तो रत्नपाल का ही लगना चाहिए." दादा पडला तेव्हापासून या दुकानातलं प्रत्येक मशीन राजदीपनं जोडलं, तरी येणारा दारातूनच विचारतो, भाऊ आहेत का? नागपूरचं एम.ए. अर्धं टाकून तो आला तेव्हा वहिनी म्हणाली होती, थोडे दिवस, हे उभे राहीपर्यंत. दादा उभा राहिला. रोज काठी टेकत येतो, खुर्चीत बसून राजदीपच्या चुका काढतो — आणि तू आता परत जा, असं कुणीच म्हणत नाही.

वाकू दे. एकदा लोकांसमोर वाकू दे, म्हणजे त्याला कळेल हा हात गेला. मग घरी बसेल, मग दुकान बंद करता येईल, मग मी... विचार इतका स्वच्छ आला की राजदीपला त्याची लाजही वाटली नाही.

दादाचा अंगठा चिपवर थांबला.

"बरोबर हाये का रे?"

"हाये. दाब."

दादानं वर पाहिलं. पाहतच राहिला. मग चिप दोन बोटांत उचलली, सावकाश फिरवली आणि ठेवली. ती अलगद आत उतरली. त्यानं दांडी खाली केली.

"देखा!" नंदलालजी खूश झाले.

"पेस्ट दे," दादा म्हणाला. आवाजात राग नव्हता. "चुप काऊन उभा राहिला?"

राजदीपनं चिपवर लावायच्या पेस्टची ट्यूब दिली. त्याला आधीच दिसलं होतं का? मुद्दाम विचारलं का? घरी वहिनीला सांगेल? नाही — सांगणार नाही, कधीच नाही; उद्याही माझ्याच गाडीवर मागं बसून, खांदा धरून, दुकानात येईल... रागावला असता तर भांडता आलं असतं. राजदीप आता पस्ताव्याची वाट पाहत राहिला. आली ती फक्त हळहळ — चिप नीट बसली याची. आणि दादा पेस्ट लावता लावता मधेच थांबून, मान न उचलता, जणू ती हळहळच ऐकत होता.