अंबूबाईचं पिठलं

हौशीरामने पिठल्याची कढई उतरवली आणि चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं. तिकोणा गड उतरून आलेली पुण्याची पोरं बाकड्यांवर बसली होती. त्याची बायको अंबूबाई गेल्यानंतर टपरी आज पहिल्यांदा उघडली होती. तिच्यासारखं जमलं तर चालवायची, नाहीतर पत्रे उतरवायचे, असं त्याने मनाशी धरलं होतं.

पोरांनी घास घेतला. तो फडक्याला हात पुसत उभा राहिला.

“आबा, किल्ड इट!” एकाने अंगठा दाखवला.

“ऑन फायर!” शेजारची मुलगी ओरडली.

हौशीराम भाकरी थापणाऱ्या लेकीजवळ वाकला. समीक्षा लोणावळ्याला हॉटेलात कामाला होती.

“काय म्हनत्यात?”

“लय भारी झालंय म्हनत्यात.”

“आन ती पोरगी मगाशी फोटो बघून बी हेच वरडली, तवा?”

“तेच की.”

“मंग पिठल्याचं काय कळायचं?”

“आता काय पदक पायजे का, आबा?”

ती हसली. तो हसला नाही. त्याने चूल उगाच सारखी केली, हंडा हलवला, रस्त्यापर्यंत जाऊन आला. अंबूबाई गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कधी बघायची नाही, ताटाकडे बघायची. पोरं गेल्यावर त्याने ताटं बघितली. ठेचा संपला होता. पिठलं तसंच होतं.

तेवढ्यात श्रीपतीने जीप लावली. पवनानगरच्या फेऱ्या मारताना तो कायम इथेच जेवायचा. त्याने पहिला घास तोंडात घेतला आणि थांबला.

“हौशा, मीठ दे.”

“कमी हाय?”

“न्हाईच की रं.”

समीक्षाचा हात परातीत थांबला. आधी गिऱ्हाइकानं जेवायचं, मग घरच्यांनी, ही तिच्या आईची शिस्त. कुणीच चाखलं नव्हतं.

हौशीराम कढईकडे बघत राहिला. इतकी वर्षं पीठ हाटायचा तो, मीठ घालायची ती. उकळी आली की त्याने बाजूला सरकायचं आणि तिने येऊन मूठ झटकायची. सकाळीही तो सरकला होता. सरकून परत हाटायला लागला होता.

श्रीपतीने वरून मीठ घेतलं आणि ताट भाकरीने पुसून काढलं.

“उद्या हाय न्हवं?”

हौशीरामने दुसरी कढई चढवली, फोडणी दिली, पीठ सोडलं. उकळी आल्यावर तो बाजूला सरकला. जरा वेळ तसाच उभा राहिला.

मग त्याने मिठाच्या बरणीत हात घातला.