पेशींना शनिवार नसतो

मंडळी, ऑफिसात कुणी आपणहून "तुझं थोडं काम मला दे" असं म्हटलं, तर आपल्याला काय वाटतं? खरं सांगा हं! आनंद होतो? छे! आधी मनात संशय येतो. ही बया माझ्या मुळावर तर उठली नाही ना?

अमेरिकेतल्या बॉथेल गावच्या एका बायोटेक कंपनीत काम करणाऱ्या आसावरीच्या मनात असा संशय कित्येक महिने ठाण मांडून बसला होता. तिचं काम काचेच्या बश्यांमध्ये माणसाच्या पेशी वाढवण्याचं. या पेशींचे लाड तान्ह्या बाळाच्या वरताण. त्यांचं खाणं रोज बदलावं लागतं आणि त्यांना शनिवार-रविवार कळत नाही. त्यामुळे दर वीकएन्डला नवरा संजीव आणि लेक केया यांना घरी सोडून आसावरी लॅबला पळायची. हे काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं, कारण आसावरीने ते कुणाला येऊच दिलं नव्हतं.

तिचीही बाजू होतीच. टीममधल्या दोघांना कंपनीने नुकताच नारळ दिला होता. आसावरी व्हिसावर. नोकरी गेली तर दोन महिन्यांत दुसरी शोधा, नाहीतर चंबूगबाळं आवरा! मग या पेशी फक्त आपल्यालाच सांभाळता येतात, हाच काय तो तिचा आधार.

आणि नेमकी त्या आधारावर प्रीताची नजर होती. प्रीता तिच्याच टीममधली, इथेच जन्मलेली मराठी मुलगी. "आसावरी, मला शिकव ना. एक वीकएन्ड मी घेते," असं ती सारखं म्हणायची. एवढी का हौस? एकदा तर ती बॉसच्या केबिनमध्ये दार लावून बोलत होती आणि आसावरी आत जाताच दोघंही गप्प! पुढच्याच आठवड्यात ती आसावरीच्या बश्यांवरच्या लेबलांचे फोटो काढताना दिसली. झालं! आसावरीची झोप उडाली. अन्न गोड लागेना, रात्रभर दात करकरा वाजायचे. संजीवने विचारलं की, "काही नाही, काम आहे," एवढंच.

अशाच एका शनिवारी सकाळी लॅबला निघताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती दारातच मटकन खाली बसली. संजीवने धावत जाऊन शेजारच्या मालिनीकाकूंना आणलं. काकू मूळच्या नागपूरच्या. उभा जन्म इथल्या हॉस्पिटलांत डॉक्टरकी करून आता निवृत्त. त्यांनी बीपी तपासलं आणि भुवया चढवल्या.

"आज गाडीला हात लावायचा नाही. तासाभराने पुन्हा बघते. खाली आलं नाही तर सरळ अर्जंट केअरच्या दवाखान्यात."

"अहो काकू, पेशी मरतील! कित्येक महिन्यांची मेहनत आहे ती!"

"मग दुसऱ्या कुणाला सांग."

दुसरं कोण होतं? आसावरीने नाइलाजाने प्रीताला फोन लावला. ती लॅबच्या अगदी जवळ राहायची. बश्या कुठे आहेत, कशा उघडायच्या, पेशींच्या खाण्याचा जुना द्रव कसा काढायचा, नवा किती ओतायचा, सगळं सांगितलं. फक्त एक सोडून. नव्या द्रवात ग्रोथ फॅक्टरचे, म्हणजे पेशींना वाढवणाऱ्या अर्काचे, थेंब रोज ताजे मिसळावे लागतात. ते पडले नाहीत तर पेशी बिघडायला लागतात. ते ती बोललीच नाही! 'कळू दे सगळ्यांना, माझ्यावाचून चालत नाही ते.'

तिने फोन ठेवला. काकू टक लावून तिच्याकडे बघत होत्या.

"सगळं सांगितलंस?"

"हो."

"मग घाम का फुटलाय?"

आसावरीने नजर चुकवली आणि मग तिचा बांधच फुटला. केबिनचं बंद दार, फोटो, नोकरीवरून काढलेले ते दोघं, व्हिसा आणि आता हे गिळलेलं वाक्य, सगळं तिने रडत रडत सांगून टाकलं. संजीवने तिला जवळ घेतलं. काकूंनी मात्र तिला कुरवाळलं नाही.

"आसावरी, शिफ्ट संपली की आम्ही आमचा पेशंट दुसऱ्या डॉक्टरच्या हवाली करायचो. एकूण एक गोष्ट सांगून. तो डॉक्टर आवडता असो की नावडता! त्यातली एक जरी गोष्ट मी पोटात ठेवली असती, तर पेशंट गेला असता आणि बोल त्या डॉक्टरला लागला असता. तू आत्ता तेच केलंस ना?"

"पण काकू, तिने माझी जागा घेतली तर?"

"घेऊ शकते. नाही कुठे म्हणते मी? पण ज्या दोघांना काढलं, त्यांना काम येत नव्हतं का?"

आसावरीला ते दोघं आठवले. दोघंही तिच्यापेक्षा जुने, जाणते होते.

"तुला काम जड झालेलं नाही गं. कामावर बसून जो पहारा देतेयस ना, तो जड झालाय. त्याला ना सुट्टी, ना झोप. कर फोन!"

तिने फोन लावला. रिंग वाजत राहिली. कुणी उचलेना. अरे देवा! ओतलं असेल का तिने? पुन्हा लावला. एकदाचा उचलला.

"प्रीता, थांब! ओतू नकोस!"

"अजून नाही ओतलं. द्रव गरम करतेय. काय झालं?"

"ग्रोथ फॅक्टर घालायचा असतो. मी विसरले नव्हते, प्रीता. मुद्दाम सांगितलं नाही."

पलीकडे बाटली टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"व्हाय?"

"भीती वाटली. तू माझी जागा घेशील असं वाटलं. बॉसशी दार लावून बोलत होतीस..."

"ओ माय गॉड, आसावरी! ते तुझ्याबद्दलच होतं! लॅबमध्ये तू टेबल धरून उभी होतीस, मला वाटलं आता पडणार. मी बॉसला म्हटलं, हिला वीकएन्ड द्या, मी शिकते. तू शिकवेनास, म्हणून लेबलांचे फोटो काढले." तिचा आवाज चढला. "मी खूप चिडलेय तुझ्यावर. खूप! पण ते नंतर. आता सांग, किती घालू?"

आसावरीने सांगितलं. या वेळी एकही शब्द न गिळता. फोन ठेवल्यावर ती लाजेने हुंदके देत रडली आणि रडता रडता सोफ्यावरच झोपून गेली. संध्याकाळी उठली तेव्हा प्रीताचा मेसेज होता, पेशी ठणठणीत आहेत.

प्रीता पुढे बरेच दिवस तुटक वागली. ते आसावरीने मुकाट सोसलं आणि तिला सगळं काम शिकवलं. आता दोघी आलटून पालटून वीकएन्ड घेतात. नोकरीचं म्हणाल, तर कंपनी अजून माणसं काढणार अशी कुजबुज आहेच. त्यात आसावरी असेल की नाही, देव जाणे. पण ती काळजी आता ती संजीवला सांगते, प्रीताला सांगते आणि रात्री झोपते.

मंडळी, ताण कुणाला चुकलाय? पण संशयाने तो दुप्पट होतो आणि एकट्याने उचलला की पाठ मोडतो. तेव्हा सोमवारी कामावर गेलात की एवढं करा. आपल्याशिवाय कुणालाच येत नाही असं एक काम शेजारच्या माणसाला शिकवा. आणि पूर्ण शिकवा, बरं का!