वाऱ्याकडे पाठ

मी सिटीवेस्ट नावाच्या वस्तीच्या मागच्या टेकडीवरचं हरीण बोलतोय. हरीण म्हणजे चांगला थोराड नर हं! या, पण जरा हळू. आत्ताच बसलोय. उठायला लावलंत तर गप्पा संपल्या.

लहानपणी आई दडवेल तिथे पडून राहायचो. पोरवयात कुठेही लोळलो. शिंगं फावड्याएवढी झाली तेव्हा कुठे अक्कल आली. तेव्हापासून एकटाच बसतो, माथ्याच्या जरा खाली, उतारावर. वारा पाठीकडून घ्यायचा, म्हणजे मागून कोण येतंय ते नाक सांगतं. पुढचा उतार डोळे सांभाळतात. जमीन कोरडी हवी आणि पळायला दोन वाटा हव्यात. अशी जागा मला एका काटेरी झुडपाच्या आडोशाला सापडली. तिथे किती हिवाळे सुखात गेले म्हणून सांगू!

मग २००५च्या सुमारास खाली घरं उगवायला लागली. त्या दिवसांत या देशात गवतापेक्षा घरंच जोरात वाढायची. खुंट्या ठोकत ठोकत माणसं थेट माझ्या जागेपर्यंत पोचली. घरं दाखवणारा गडी येईल त्याला सांगायचा, हा शेवटचा प्लॉट नाही खपला तर गवतालाच सोडून देऊ. माझा सगळा जीव त्या ‘नाही खपला तर’मध्ये अडकला.

अशा वेळी देवासारखे धावून आले हेमचंद्रकाका. पुण्याहून इथे परदेशात लेकाकडे आलेले. लेक प्रताप कॉम्प्युटरवाला, सून सुचित्रा. काकांच्या डोक्याला माकडटोपी आणि हातात होकायंत्र. या घराचा दरवाजा दक्षिणेला, त्या घराचं स्वयंपाकघर आग्नेयेला नाही. एकेक घर नापास! प्रताप बिचारा म्हणायचा, बाबा, ग्रँड आहे हो. सुचित्रा नुसती कुडकुडत उभी. मी वरून रवंथ करत मनात म्हणायचो, काका, अजिबात ऐकू नका.

माणसांची मला गंमतच वाटते. घर घेताना सुई कुठे वळते ते बघतील, पण वारा कुठून येतो ते एकजण हुंगेल तर शपथ.

एका सकाळी तिघं टेकडीवर फिरायला आले, तेही वरच्या पायवाटेनं. पाठीकडून हिंगाच्या फोडणीचा वास आला तसा मी उठलो आणि झुडपाआड सरकलो. काका नेमके माझ्या जागेवर थांबले. दबलेलं गवत पाहिलं, वाकून हात लावला. अजून ऊब होती.

“प्रताप, इथे जनावर बसतं,” ते म्हणाले. “जनावर वाईट जागी बसायचं नाही. दिशा राहू देत. हाच प्लॉट घे.”

सुचित्रा तर तिथे बसलीच, वाऱ्याकडे पाठ करून. म्हणाली, इकडे आल्यापासून पहिल्यांदाच गार लागत नाहीये.

झालं! अख्खी कॉलनी नापास करणारा माणूस माझ्या निवडीवर खूश झाला. आता यावर चिडायचं की मिरवायचं? खरं सांगू, वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

आता तिथे त्यांचं घर आहे. सुचित्रा चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर बसते, तेव्हा तिचा राग धरवत नाही. मी माथ्यापलीकडे गेलोय. दात झिजलेत, गुडघे कुरकुरतात, पण नाक शाबूत आहे.

जागा कशी निवडायची ते तुम्हाला सगळं सांगितलं. फक्त हल्ली मी कुठे बसतो, ते कुणाला सांगू नका, हात जोडतो. काका पुन्हा आलेत, आणि या खेपेला धाकट्या लेकासाठी घर बघायचंय.