बोलणं गेलं, गाणं राहिलं

अमेरिकेत लढाई पेटली, वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि अमरावतीच्या बाजारात गाडी उभी करायलाही जागा उरली नाही. तिवशाकडचा खुशालराव असाच कापूस घेऊन आला होता. गठ्ठ्यांची थप्पी घसरली, तिच्या धक्क्याने तो गाडीच्या चाकावर आपटला आणि डाव्या कानशिलाचं हाड दबलं.

सरकारी दवाखान्यात गोवर्धन नावाचा तरुण डॉक्टर होता. बाळापूरचा, मुंबईला शिकून आलेला. त्याने दबलेलं हाड हलक्या हाताने उचललं आणि पुढचं देवावर सोडलं. खुशालराव वाचला. बायकोला, रुख्मिणीला, त्याने ओळखलं. पाणी मागायला तोंड उघडलं, तर निघालं नुसतं "ता... ता... ता."

दिवाळीनंतर ज्याची दंडार, म्हणजे गाण्या-सोंगांचा रात्रीचा खेळ, पाहायला आसपासची गावं लोटायची, त्या गड्याची ही गत! रुख्मिणी पदर तोंडाला लावून म्हणाली, "डागदर, वाचा गेली ना ह्यायची?"

एका दुपारी दंडारीतले सोबती भेटायला आले. ढोलकी बरोबर होतीच. दवाखान्याच्या ओसरीवर बसल्याबसल्या एकाने थाप मारली, आणि आतून खणखणीत आवाज आला:

"गणराया ये रे अंगणी, पायी घुंगरू वाजवुनी!"

गोवर्धन धावत आत गेला. खुशालराव उठून बसला होता, गात होता, एकेक शब्द स्वच्छ. ढोलकी थांबली आणि पुन्हा "ता... ता."

त्या दिवशी गोवर्धनला जेवण सुचलं नाही. बोलणं गेलं, गाणं राहिलं. म्हणजे डोक्यात दोघांची घरं वेगळी असली पाहिजेत! मग गाण्याच्या दारातून बोलणं आत आणता येईल का? त्याने दंडारीच्याच चालीवर रोजचे शब्द बसवले आणि खुशालरावाच्या गुडघ्यावर ताल धरून शिकवायला बसला. कितीतरी दिवस पालथ्या घड्यावर पाणी. मग एका सकाळी खुशालरावाने सूर लावला, "पानी दे वं रुख्मिणी, तहान लागली मले!" रुख्मिणीने तांब्या सोडून अख्खी घागरच उचलून आणली.

गोवर्धनने सारं इंग्रजीत लिहून अकोल्याच्या वरिष्ठ साहेबाकडे धाडलं. लेख परत आला. रोगी सोंग करत असावा, असा शेरा होता. गोवर्धनने दमणी जुंपली आणि खुशालरावाला घेऊन थेट अकोला गाठलं.

"नाम बोलो," साहेब म्हणाला.

"ता... ता..."

गोवर्धनने मेजावर ताल धरला. खुशालरावाने एकदा साहेबाकडे पाहिलं आणि गायला लागला:

"खुशाल माहं नाव, तिवशापाशी गाव,
उभं काहून ठेवलं सायबा, बसाले दे ना ठाव!"

दुसरी ओळ गोवर्धनने शिकवलीच नव्हती. ती गड्याने जागच्या जागी जुळवली होती! साहेबाने अर्थ विचारला, कळताच खो खो हसला, स्वतः खुर्ची पुढे केली आणि लेख आपल्या शिफारशीसह मुंबईला पाठवला.

पुढच्या हिवाळ्यात वैद्यकीच्या मासिकाचा छापील अंक टपालाने आला. गोवर्धन तट्टावर बसून खुशालरावाच्या गावी पोचला आणि चावडीवर त्याने लेख मराठीत सांगितला. खुशालराव आता सावकाश, अडखळत, पण बोलू लागला होता.

"माहं नाव... कुठं हाये?"

"नाव छापत नाहीत, खुशालराव. 'एक शेतकरी' असं लिहिलं आहे."

"शेतकरी तं... सारेच हायेत. डोक्शावर मार... मलेच बसला ना?"

चावडी हसून लोटपोट झाली.

उन्हं उतरल्यावर दंडार रंगली. डागदराचं सोंग खुद्द खुशालरावाने घेतलं. भलं मोठं पागोटं, नाकावर तारेचा चष्मा. निजलेल्या रोग्याच्या गुडघ्यावर थापा मारत त्याने गाण्यातून शब्दांची अशी काही फैर झाडली, की माणसं शेतातून धावत आली. गोवर्धनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि हसून हसून त्याचं पोटही दुखत होतं.

शेजारी बसलेली रुख्मिणी हळूच म्हणाली, "डागदर, तुमी खरंच एवढी बडबड करता काय?"

"याहून जास्त," गोवर्धन कसाबसा म्हणाला.