दोन सह्यांची बाटली

टेबलावर अकरा बाटल्या होत्या. दहा कारखान्याच्या पाण्याच्या, झाकणावर पिवळी चिकटपट्टी लावलेल्या. अकरावी मजीदच्या भावाने तुलकरमजवळच्या गावाहून अम्मानमार्गे पाठवलेली. तिच्या झाकणावर कागदी पट्टी होती आणि पट्टीवर दोन सह्या, एक अरबी, एक हिब्रू.

आखातातल्या मेसईदच्या त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत श्रेयसला दोन वर्षं झाली होती. कंपनीच्या क्वार्टरमध्ये तो एकटा राही. कामापलीकडचं बोलणारा माणूस एकच, कारखान्यातला मजीदभाई, मूळचा पॅलेस्टिनी. दुपारचा डबा दोघं मिळून खात.

बाटलीची गोष्ट मजीदनेच जुळवून आणली होती. गावची विहीर खारट होत चालली होती. गाव म्हणे, पलीकडच्या इस्रायली वसाहतीच्या खोल बोअरमुळे. तिथला शेतकरी म्हणे, तुम्हीच बेसुमार उपसता. चार वर्षं हाच वाद. मग मजीदने धंद्यातली रीत सुचवली. मालाचे दोन नमुने दोघांकडे, तिसरा सील करून तिऱ्हाइताकडे. त्याचा आकडा दोघांनी मानायचा. क्लोराइड, म्हणजे पाण्यातला खार, लिटरला अडीचशे मिलिग्रॅमच्या वर निघालं, तर दोघांनीही उपसा निम्म्यावर आणायचा. दोघंही कबूल झाले, याचं मजीदलाच जास्त नवल वाटलं.

"आणि तिऱ्हाईत मी?" श्रेयसने विचारलं होतं.

"मी चालणार नाही, मी तिथला. आपला इंग्रज साहेब चालणार नाही, आमचा घोळ त्यांनीच घातलाय. तू बरा, हबीबी. तू कोणाचाच नाहीस."

"शुक्रन हां, मजीदभाई. आईला कळवतो."

अट एकच होती. सील शाबूत असल्याचा फोटो काढायचा, मगच ते फोडायचं. कॅमेरा अल हिलालला, मजीदच्या घरी राहिला होता. "उद्या आणतो. तोवर हात लावू नकोस," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला श्रेयस रोजच्यासारखा रांगेने बाटल्या घेत गेला. झाकणाला अंगठा, पट्टी फर्रकन, थोडं पाणी चंचुपात्रात, पुढची. हाताला दोन वर्षांची सवय. अकराव्या पट्टीचा आवाज जाड आला, तेव्हा त्याने खाली पाहिलं. फाट दोन्ही सह्यांमधून गेली होती.

मजीद कॅमेरा गळ्यात अडकवूनच आला. त्याने पट्टीची फाटकी टोकं बोटाने जुळवून पाहिली.

"चिकटवू या," श्रेयस म्हणाला. "कोणाला कळणार?"

"तुला. मला."

"मग दुसरी मागवा ना! पाणी तर तेच आहे."

मजीदने तिथूनच भावाला फोन लावला. ऑक्टोबर २००० नुकता लागला होता आणि चार दिवसांपासून तिकडे दंगली पेटल्या होत्या. रस्ते बंद होते. शेतकरी भावाचा फोन उचलत नव्हता. "आणि उचलला तरी," भाऊ म्हणाला, "आता माझ्या शेजारी उभं राहून सही कोण करणार? आणि मला तरी गाव करू देईल का?"

"खलास," मजीद श्रेयसला म्हणाला. "ओतून टाक."

त्या दुपारपासून तो डबा घेऊन खाली वेल्डरांमध्ये बसू लागला. श्रेयसने दोनदा हाक मारली. मजीदने मान हलवली, पण वर आला नाही.

शुक्रवारी सुटी होती. श्रेयस चालत प्रयोगशाळेत गेला, कुलूप काढलं, ब्युरेट धुतली आणि अकराव्या बाटलीतलं पाणी तीनदा तपासलं. आकडे आले ४११, ४१३, ४१२. त्याने नोंदवही उघडून तारीख घातली.

नमुना ११. क्लोराइड, सरासरी: ४१२ मिलिग्रॅम प्रति लिटर.