खिळ्यावरची चादर

"हं, फुप्फुसांतून रक्त हृदयात कुठे जातं?" मावशीने चादरीचे दोन कोपरे ताणून धरत विचारलं.

"डाव्या अलिंदात," पलीकडून उत्तर आलं, आणि दोघी एकमेकींकडे चालत आल्या. कोपऱ्याला कोपरा लागला, घडी पडली. पुढची चादर उचलून दोघी पुन्हा मागे सरल्या.

इस्पितळाच्या तळघरातल्या लाँड्रीत वाफ इतकी की समोरचं माणूस दिसायचं नाही, नुसते त्याचे हात दिसायचे. जोडीला कोणी नसलं तर भिंतीत एक खिळा होता. त्याला दोन कोपरे अडकवायचे आणि एकटीने भिंतीकडे चालत जायचं. खिळ्याशी घडी घालणं मावशीला मुळीच आवडत नसे. "मेला बोलत नाही," ती म्हणे.

मावशीची जोडीदारीण म्हणजे मास्तरीण. ती शिकवत कोणालाच नव्हती. लग्न-संसारानंतर बारावीला बसली होती, एवढाच तिचा गुन्हा. बाकीचे विषय निघाले होते, जीवशास्त्र तेवढं राहिलं होतं. ते निघालं तर वरच्या मजल्यावर नोंदणीच्या खिडकीत तिला खुर्ची मिळणार होती. नाही निघालं तर ओल्या चादरी होत्याच, आणि त्या आता तिच्या हाताला झेपत नव्हत्या.

उजव्या हातावर तिला नागीण झाली होती. पुरळ गेलं, कातडी साफ झाली, पण आतली नस जळतच राहिली. चुलीतला निखारा कुणी विझवायला विसरावा तशी. चादर नुसती घासली तरी जीव कळवळायचा. "दिसत तर काहीच नाही," मुकादम म्हणायचा. दिसलं असतं तर बरं झालं असतं. माणसं पट्टी बघून निदान हळहळतात तरी.

डॉक्टरांची गोळी घेतली की आग खाली बसे, पण सगळं जगच मऊ पडे. आवाज पाण्याखालून आल्यासारखे येत. घरी पुस्तक उघडलं की ओळी संथ वाहू लागत आणि त्यांच्याबरोबर तीही वाहत जाई. मग नवरा येऊन दिवा मालवी. सकाळी उठावं तर थकवा उशाशी बसलेलाच. अशाने काय अभ्यास होणार! म्हणून मावशीनेच ही युक्ती काढली. पुस्तक कपड्यांच्या गाड्यावर उघडं ठेवायचं, घडीगणिक एक प्रश्न. चालता चालता झोप येत नाही, आणि उत्तर पायांत मुरतं.

मागच्या खेपेला लिहिताना हात अर्ध्यावरच थांबला होता. या वेळी लेखनिक घ्यायची परवानगी मिळाली. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला हवा, असा नियम.

"मी सातवी," मावशी म्हणाली. "अक्षर मोत्यासारखं आहे माझं. पण गोळी अर्धीच घे हं."

तिने अख्खी घेतली. ठणक्याची धास्ती झोपेपेक्षा मोठी होती.

परीक्षेच्या दिवशी दोघींना एका वेगळ्या खोलीत बसवलं. मास्तरीण हळूहळू सांगत गेली, मावशी लिहीत गेली. शेवटचा प्रश्न रक्ताभिसरणाचा निघाला तेव्हा दोघी हसल्या.

"उजव्या अलिंदातून उजव्या निलयात," मास्तरीण म्हणाली. "तिथून फुप्फुसांत. फुप्फुसांतून..."

खिडकीचा पडदा फुगला. तिला तो चादरीसारखा दिसला, मग चादरीच चादरी दिसल्या, पांढऱ्या, उबदार, आणि कुठल्याच हाताला आग नव्हती. तिची मान कलली.

मावशीचं पेन कागदावर अधांतरी राहिलं. पुढचं तिला झोपेतही आलं असतं. पर्यवेक्षक बाई खिडकीबाहेर बघत होत्या. एक ओळ, फार तर दोन. मावशीने पेन खाली ठेवलं.

मग तिने कमरेचा रुमाल काढला, झटकला, दोन कोपरे स्वतः धरले आणि उरलेले दोन मास्तरणीच्या बोटांना लावले.

"काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

"उठवतेय बाई तिला. बोलत नाही मी काही."

झोपेतल्या बोटांनी कोपरे घट्ट पकडले. डोळे नंतर उघडले. "डाव्या अलिंदात," मास्तरीण म्हणाली, आणि उरलेलं सगळं सांगून झाल्यावरच तिने रुमाल सोडला.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तुला तर येत होतं गं, मावशी."

"मला येऊन काय करायचंय? तू सांगितलं नव्हतंस ना."

ती पास झाली. खिडकीतली खुर्ची मिळाली, वर पंखा. हात तसाच जळायचा, पण आता तो टेबलावर टेकवता येत होता. रोज खाली जाईन म्हणायची, आणि दुपारची सुट्टी झाली की टेबलावरच तिचा डोळा लागायचा. असे बरेच दिवस गेले.

एकदा जेवणाच्या सुट्टीत ती तळघरात उतरली. वाफेत आधी नुसते हात दिसले. मुकादमाने मावशीला नवी जोडीदारीण दिलीच नव्हती. चादर खिळ्याला अडकवलेली होती आणि मावशी भिंतीकडे चालत येत पुटपुटत होती, "फुप्फुसांतून डाव्या अलिंदात..."

मास्तरणीने पुढे होऊन खिळ्यावरचे कोपरे काढले. ओलं कापड उजव्या हाताला घासलं, तिने ओठ दाबले.

मावशीने वर पाहिलं. दोन पावलं मागे सरून तिने चादर ताणली, नेहमीपेक्षा जरा हलक्या हाताने.

"हं," ती म्हणाली, "पुढे कुठे जातं?"